उंदराच्या टोपीचं सामान

उंदराला वाटेत चिंधी सापडते. परटाकडून तो ती धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, वर गोंडे लावून घेतो. मग ढोलकं बडवत राजवाड्यापुढे उभा राहतो आणि आपली टोपी राजाच्या टोपीहून सरस असल्याचं गावाला ऐकवतो. राजा चिडून टोपी हिसकावून घेतो, तर भिकारी ठरतो. परत फेकतो, तर भित्रा ठरतो. तिसरा मार्ग त्याला ठेवलेलाच नाही.

मराठी घराघरांतली गोष्ट. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या उळवीत आम्ही ती आजीकडून निम्मी कोंकणीत आणि निम्मी मराठीत ऐकली, मधे कुठे कन्नड. चहूकडे जंगल, ज्याला आता काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. वाघ, गवा, नागराज, शेकरू ही शेजारपाजारची मंडळी. तरी गोष्टीत पराक्रम उंदराचा. वाघाला या मुलखात देवाचा मान आहे, त्याची टर उडवायला जीभ रेटत नाही. उंदीर मात्र रोज घरात, तांदळाजवळ. थट्टेचा नायक असाच लागतो, ज्याची कुणाला भीती नाही आणि ज्याला कुणाचा मुलाहिजा नाही.

इंग्रजांनीही उंदीरच निवडला. मँचेस्टरच्या चोर्लटन भागात ब्रायन कॉसग्रोव्ह आणि मार्क हॉल या दोघांचा कार्टूनचा कारखाना होता, कॉसग्रोव्ह हॉल. तिथून १९८१ साली ‘डेंजर माउस’ निघाला : पांढराशुभ्र उंदीर, एका डोळ्यावर काळी पट्टी, छातीवर आपल्याच नावाची अक्षरं, बुडाखाली उडणारी पिवळी मोटार. हुद्दा जगातला सर्वश्रेष्ठ गुप्तहेर. मदतनीस पेनफोल्ड, जाड भिंगांचा चष्मा लावणारा आणि संकट दिसलं की थरथरणारा हॅम्स्टर. शत्रू बॅरन ग्रीनबॅक नावाचा बेडूक. सगळी चेष्टा जेम्स बाँडची आणि साठच्या दशकातल्या ‘डेंजर मॅन’ या हेरमालिकेची. १९९२पर्यंत ते चाललं. मी ते फार उशिरा पाहिलं, दुसऱ्याच्या मोबाईलवर, बेळगावात. पाहताना पहिल्यांदा आठवली ती आजीच्या उंदराची टोपी.

दोन्ही उंदरांची गंमत एकाच ठिकाणी आहे. चिमूटभर अंगात मोठ्यांचा तोरा, आणि तो तोरा अगदी मनापासून. डेंजर माउस स्वतःवर कधी हसत नाही. टोपीवाला उंदीरही हसत नाही. हसायचं काम ऐकणाऱ्याचं. पण त्याला हसू येण्यासाठी काही वस्तू आधीपासून ओळखीच्या असाव्या लागतात, आणि एकेक करून त्याच जातायत. म्हणून ही यादी.

चिंधी. आधी हीच. कापडाचा तुकडा वाटेत पडलेला सापडावा हाच जुन्या ऐकणाऱ्याला नवलाचा भाग होता. लुगडं फाटलं की त्याचं दुपटं, दुपट्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं. आमच्या जिल्ह्यातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून कवंदी शिवतात, रंगीबेरंगी, जाड, पावसाळ्यात अंगावर घ्यायच्या. त्या आता शहरांतल्या प्रदर्शनांत टांगलेल्या दिसतात. म्हणजे चिंधीला भाव आला, पण घरात चिंधी राहिली नाही. आजच्या उंदराला जत्रेनंतर उळवीच्या रस्त्यावर सापडतील ती गुटख्याची चांदीरंगी पाकिटं. त्यांची टोपी चमकेल खरी, पण ती धुवावी लागत नाही, रंगवावी लागत नाही. गोष्ट दुसऱ्याच वाक्यात संपली.

परीट. धुण्याचा दगड व्हाळात अजून आहे. त्यावर शेवाळ.

रंगारी. हा पूर्ण गेला. मुलांना रंगारी म्हटलं की शिडीवर चढून भिंत रंगवणारा दिसतो, आणि तो उंदराची चिंधी भिंतीच्या रंगात बुडवतो असं चित्र डोळ्यांपुढे येतं. येऊ द्यावं. मी दुरुस्त करत नाही.

शिंपी. याच्यापाशी थोडं थांबतो. पायाचं मशीन, पडवीत, उजेडाच्या बाजूला. गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा. लहान गावातला शिंपी अंगरखा शिवे, लग्नाची चोळी शिवे, शाळेची खाकी चड्डी शिवे, आणि उरलेल्या तुकड्यांतून पोरांना टोपरं. उंदराची टोपी ही त्याच्या मूळ धंद्यातली गोष्टच नव्हे, ती उरल्यासुरल्यातली. इथेच विनोद आहे. राजाचा मुकुट सोनाराकडे होतो, उंदराची टोपी कातरणातून, आणि तरी दोघांची बरोबरी. तयार कपड्यांच्या दुकानात जन्म काढलेल्या मुलाला ‘उरलेला तुकडा’ ही कल्पना समजावून सांगावी लागते. समजावून सांगितलेला विनोद कुणाला हसवत नाही.

पूर्वी आमच्या तालुक्याचं ठिकाण सुपे. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, जुनं सुपे पाण्याखाली गेलं, बरेच लोक रामनगरला गेले, कचेऱ्या जोयडाला आल्या. एखाद्या गावाबरोबर त्याचे शिंपीही बुडतात, ही नोंद कुठल्याच सरकारी कागदात होत नसावी.

टोपी. ही मात्र राहिली आहे, निदान कार्टूनांत. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओनं मातीच्या बाहुल्यांचे ‘वॉलेस आणि ग्रोमिट’ काढले. त्यांच्या १९९३च्या ‘द राँग ट्राउझर्स’मध्ये एक पेंग्विन चोर आहे. वेषांतर म्हणून तो डोक्यावर लाल रबरी हातमोजा घालतो आणि कोंबडा होतो. सगळे त्याला कोंबडाच समजतात. चेहऱ्यावर एक रेष हलत नाही, तोंडातून एक शब्द निघत नाही. जगातल्या सगळ्या टोप्यांत माझ्या मते ही पहिल्या नंबरची, आणि उंदराची दुसरी. २०२४ साली तो पेंग्विन पुन्हा आला, हातमोज्यासकट. आधीच्या वर्षी त्या बाहुल्यांना लागणारी खास माती बनवणारा छोटा कारखाना बंद झाला होता. आर्डमननं उरलेला साठा विकत घेऊन ठेवला. म्हणजे चिंधीची गोष्ट त्यांच्याकडेही आहेच.

गोंडा. टोपीचे गोंडे आमच्याकडे कुठून येतात हे उळवीच्या मुलाला विचारायची गरज नसे. माघ महिन्यात चन्नबसवेश्वराची जत्रा भरते. संत बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा बाराव्या शतकात कर्नाटकातल्याच कल्याण नगरीतल्या धामधुमीनंतर शरण भक्तांना घेऊन या रानात आले, त्यांची समाधी इथे. धारवाड, बेळगावकडचे शेतकरी बैलगाड्या जुंपून घाट-रान ओलांडत येतात. बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, कपाळावर आणि शिंगांच्या टोकांना गोंडे. इतक्या लांबून चालत आलेला बैल गोंडे हलवत देवळापुढे उभा राहतो तेव्हा त्याच्यापुढे माणसं अगदीच साधी दिसतात. उंदरानं टोपीला गोंडे लावून घेतले म्हणजे नक्कल कुणाची केली? राजाची नव्हे, बैलाची. निदान मला तेव्हा तसंच वाटत असे. गाड्या अजून येतात, पण ट्रॅक्टर आणि बसगाड्यांच्या मधून वाट काढत. ट्रॅक्टरच्या आरशालाही गोंडा बांधलेला असतो. तो प्लास्टिकचा असतो आणि भडक असतो, आणि खरं सांगायचं तर वाईट दिसत नाही.

मुडी. गवताच्या दोरीनं गच्च वळलेला तांदळाचा गोळा, माळ्यावर रचून ठेवायचा. उंदीर आणि माणूस यांचं वैर तिच्यावरून. प्लास्टिकच्या गोण्या आल्या, मुड्या गेल्या. उंदराला गोणी मुडीपेक्षा सोपी जाते. पण गोणीवरून गोष्ट होत नाही.

माकडवाला. साहेबी टोपी घातलेलं, काठी खांद्यावर टाकून सासुरवाडीला निघालेलं, बायको रुसली की डोकं धरून बसणारं माकड. प्राणी नायक असलेलं हे आपलं जुनं जिवंत विडंबन. १९९८च्या केंद्राच्या अधिसूचनेनं माकड, अस्वल, वाघ यांचे खेळ कायद्यानं बंद झाले. हे गेलं याचं मला दुःख नाही. त्या साहेबाच्या गळ्यात दोरी होती आणि तिचं टोक दुसऱ्याच्या हातात होतं. थट्टा करणाऱ्यानं आपल्या खुशीनं केली पाहिजे. कागदावर काढलेल्या उंदराला एवढं तरी सुख.

काळोख. ही नोंद लांबेल.

‘डेंजर माउस’ बनवणाऱ्यांकडे पैसे कमी आणि भाग जास्त. प्रत्येक हालचालीला चित्र हातानं काढायचं, पारदर्शक तक्त्यावर रंगवायचं, मागे पार्श्वभूमी. मग त्यांनी युक्ती काढली. उत्तर ध्रुवावरची गोष्ट घ्यायची, म्हणजे मागे नुसतं पांढरं, रंगवायलाच नको. किंवा दिवे गेले असं दाखवायचं, म्हणजे पडदा काळा आणि त्यात फक्त डोळे लुकलुकतायत. संवाद चालू. पोरं खदखदून हसायची, आणि कारखान्याचा खर्च वाचायचा. गरिबीतून काढलेली ही पळवाट पुढे त्या मालिकेची खूणच झाली.

दशावतारी नाटक पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. सिंधुदुर्गातल्या कंपनीकडे नेपथ्य काय, तर एक लाकडी बाक. तोच सिंहासन, तोच डोंगर, त्यावर चढलं की स्वर्ग. लिहिलेली संहिता नाही. आणि सुरुवातीला शंकासूर : काळा पोशाख, काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा राक्षस, ज्याला मारायला विष्णूला मासा व्हावं लागलं. असा भयंकर असामी रंगमंचावर येतो तो गावातल्या कुणाच्या भांडणावर, कुणाच्या नव्या मोटारसायकलवर मालवणीत टोले हाणत. गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक यांच्या शिवेवरच्या गावांत रणमाले आहे, रामायणातली कथानकं घेऊन केलेलं, घुमट या वाद्याच्या साथीवर. आमच्याच जिल्ह्यात किनाऱ्याकडे यक्षगान. होन्नावरजवळच्या गुणवंतेची केरेमने मंडळी १९३४पासून चालू आहे. तिथला हास्यगार, म्हणजे विदूषक, देवादिकांच्या मधे उभा राहून पोटापाण्याच्या गोष्टी काढतो. या सगळ्यांना पेट्रोमॅक्सचा गोल उजेड होता आणि त्यापलीकडे गच्च काळोख. उजेडाच्या कडेला जे दिसत नाही ते पाहणारा आपल्या पदरचं भरून काढी. आता हॅलोजन आहेत, एलईडीच्या पट्ट्या आहेत, मागे छापील महाल. बाक दिसतो बाकासारखा. शंकासुराच्या बुरख्याची शिवण दिसते.

उळवीत वीज अजून अधूनमधून जाते. पण लगेच चार मोबाईलचे दिवे लागतात, आणि दोन डोळे लुकलुकायला पुरेल एवढाही काळोख मिळत नाही.

निवेदक. ‘डेंजर माउस’मध्ये एक भारदस्त आवाज आहे, गोष्ट सांगणारा. डेव्हिड जेसन या नटाचा. उंदराचा आवाजही त्याचाच. हा निवेदक आपल्या कामाला वैतागलेला असतो, गोष्टीबद्दल कुरकुर करतो, शेवटी पुढे काय होणार याचे मोठमोठे प्रश्न विचारतो आणि त्यांची उत्तरं कुणालाच नको असतात. अशा आवाजाची चेष्टा कळायला तसा आवाज खराखुरा ऐकलेला असावा लागतो : रेडिओवरचा बातम्या देणारा, सिनेमाआधीच्या सरकारी वार्तापटातला, जो धरणाचं उद्घाटन आणि दुष्काळ एकाच सुरात सांगे. रेडिओ आमच्याकडे जंगलामुळे खरखरायचा, पण आवाज त्या खरखरीवर मात करायचा. आता प्रत्येक जण स्वतःच्या फोनमध्ये स्वतःच निवेदक आहे. वैतागलेला मात्र कुणी नाही, सगळे उत्साहात.

लाल पेटी. डेंजर माउसचं घर लंडनच्या बेकर स्ट्रीटवरच्या लाल टपालपेटीत आहे. रस्ता शेरलॉक होम्सचा, पेटी राणीच्या टपालखात्याची, आत उंदीर. एका घरात दोन मोठ्यांची फजिती. इंग्लंडाकडच्या बेटांवर पहिल्या उभ्या टपालपेट्या १८५२ साली जर्सीत बसल्या, आणि त्या सुचवणारा खात्यातला नोकर म्हणजे कादंबरीकार अँथनी ट्रॉलप. तो लाल रंग आपल्याकडेही आला आणि राहिला. लहान खेड्यातल्या पोस्टाबाहेर भिंतीला टांगलेली पेटी, तोंड अरुंद, आत हात जात नाही. मुंबईला गेलेल्यांची पत्रं मराठीत यायची. हा जिल्हा १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता, मराठी शाळाही बऱ्याच होत्या, पत्र वाचायला दुसऱ्याकडे जावं लागत नसे. शाळा कमी होत गेल्या, पत्रं त्यांच्याही आधी थांबली. २०२५पासून रजिस्टर टपालही वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टात विरघळलं. पेटी अजून टांगलेली असते. तिच्यात उंदीर राहतो असं सांगितलं तर आजचं पोर हसत नाही. मान हलवतं. त्याला ते शक्य वाटतं.

पांढरं मांजर. बाँडच्या चित्रपटांतला मुख्य खलनायक मांडीवर पांढरी मांजर घेऊन बसे आणि तिला कुरवाळत जग बुडवायच्या गोष्टी करी. बॅरन ग्रीनबॅकच्या मांडीवर त्याच थाटात एक पांढरी केसाळ सुरवंट-अळी असते, नाव नीरो. बेडूक अळीला कुरवाळतो. आज पुष्कळांनी ते मूळ मांजर पाहिलेलं नाही, त्यांना अळीच माहीत. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’चं असंच झालं. केशवकुमार या नावानं त्यांनी रविकिरण मंडळाच्या कवींच्या लकबींची रेवडी उडवली. मूळ कविता वाचलेले आता थोडे, विडंबनावर हसणारे जास्त. ज्याची टर उडवली त्याचा पत्ता टर उडवणाऱ्याकडे विचारावा लागतो. पण फार दिवस नव्हे. एक पिढी मूळ न पाहता हसते, पुढची विचारते की अळीच का. तिथे मग मास्तर लागतो.

पंचतंत्रवाल्यांना हे आधीच कळलं असावं. त्यांनी गाढवाला लंबकर्ण आणि निळीच्या पिंपात पडून राजा झालेल्या कोल्ह्याला चंडरव अशी दरबारी नावं दिली आणि मोकळे झाले. दरबार कुठला, साल कोणतं, काही नाही. म्हणून ते टिकले. ‘डेंजर माउस’ एका काळाला बांधलेला, आमचा उंदीर एका गावगाड्याला.

डोळ्यावरची पट्टी. २०१५ साली ‘डेंजर माउस’ पुन्हा काढला, नव्या आवाजात, संगणकावर. त्यात पट्टी नुसती पट्टी राहिली नाही, तिच्यात यंत्र आलं, नाना कामं करणारं. हे मला रुचलं नाही. निरुपयोगी वस्तू डौलानं मिरवणं हाच तर त्या उंदराचा धर्म. टोपीत कुणी टॉर्च बसवला तर? मूळ कारखाना २००९ साली बंद झाला होता.

ढोलकं. आहे. भरपूर आहे. शिमग्यात तर घर हादरतं. फक्त आता कुणी राजवाड्यापुढे वाजवत नाही.

राजा. सोंडे, विजयनगर, विजापूर, मराठे, इंग्रज, इतक्यांचे अंमल या बाजूच्या मुलखानं पाहिले. जंगलात राहणाऱ्याला त्यांतला कुठलाच राजा दिसला नसणार. दिसला असेल तो कर गोळा करणारा, फार तर वनखात्याचा गार्ड. म्हणून आजीच्या गोष्टीतला राजा थोडा फॉरेस्टगार्डसारखा बोलायचा, टोपी कुठून आणलीस, परवाना दाखव. पुढे ज्या ज्या पुस्तकात मी ही गोष्ट वाचली, त्यात परवाना नव्हता. पुस्तकातला राजा नुसता चिडतो. आमचा चौकशी करायचा, आणि चौकशीत हरायचा.

पैसे. ही शेवटची नोंद, कारण आजची मुलं सर्वांत आधी हेच विचारतात. परटाला किती दिले? शिंप्याला? गोष्टीत उंदीर जातो, मागतो, काम होतं. कुणी बिल करत नाही, कुणी नाही म्हणत नाही. जुन्या ऐकणाऱ्याला यात खटकण्यासारखं काही नव्हतं. काम आज व्हायचं, मोबदला सुगीला, धान्यात, सगळ्या वर्षाचा एकदम. बलुतं नावाची ती व्यवस्था होती, आणि ती गोड नव्हती. कोण वर आणि कोण दाराबाहेर हे त्यातच ठरलेलं असे. गोष्ट त्या हिशेबावर बेतलेली आहे. तो हिशेब मोडला, त्याबरोबर उंदीर एकदम फुकट्या दिसायला लागला. कापड सापडलेलं, धुलाई फुकट, रंग फुकट, शिलाई फुकट, गोंडे फुकट, आणि हा वाड्यापुढे उभा राहून भिकारी कुणाला म्हणतोय, तर राजाला. सुगीला परटाच्या पदरात उंदराकडून किती पायल्या पडल्या, ते आजीनं कधी सांगितलं नाही.